कारखान्याचा आवाज



जग बदलत असताना उद्योगसंस्थेच्या संवादाला मोल किती, हा विषय संयोजकांनी मला दिला. विषय ऐकून काहींना वाटले असेल की आज जाहिराती, पत्रकार परिषदा आणि समाजमाध्यमे यांच्याबद्दल काही क्लृप्त्या ऐकायला मिळतील. त्या सांगण्यात मला रस नाही. माझे म्हणणे असे आहे की कंपनीचा गिऱ्हाइकांशी, कामगारांशी आणि गावाशी जो बोलण्याचा संबंध असतो, ती यंत्रसामग्रीइतकीच खरी मालमत्ता असते. ताळेबंदात ती कुठे दिसत नाही. पण बाहेरचे जग उलटेपालटे होते तेव्हा कंपनीचा निभाव लागतो तो तिच्यावर. आणि संकट दारात आल्यावर ती कितीही पैसे मोजून विकत मिळत नाही, आधीच जमवलेली असावी लागते. हे पटवून देण्यासाठी परदेशी उदाहरणांची गरज नाही. पुण्यातले आणि पुण्याशी नाते असलेले कारखाने त्यासाठी पुरेसे आहेत.

सुरुवात नांगरापासून करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला. नांगर चांगला होता, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे गेली. आज ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो, ते मला मान्य नाही. ज्याचे सगळे वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने अनोळखी अवजार शेतात घालण्याआधी दहा वेळा विचार केला तर त्यात वावगे काय? एक हंगाम वाया गेला की सावकाराच्या दारात उभे राहायचे, हे त्याला ठाऊक होते. नांगर घडवणाऱ्याला हे ठाऊक आहे की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. लक्ष्मणरावांची खरी अडचण ही होती, आणि ती भट्टीत सुटण्यासारखी नव्हती.

पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिले महायुद्ध आले, परदेशी माल येणे आटले, देशी कारखानदाराला श्वास घ्यायला सवड मिळाली. युद्ध संपले आणि बंदरांत पुन्हा विलायती माल उतरू लागला. देशात टिळकयुग संपून गांधीयुग सुरू होत होते. त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीहून एक छोटेसे नियतकालिक निघू लागले, ‘किर्लोस्कर खबर’. ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकून आलेला हा तरुण, कारखान्याच्या विक्रीचे आणि जाहिरातीचे काम पाहायला लागला होता.

‘खबर’चा पहिला हेतू धंद्याचाच होता. कारखान्यात काय तयार होते, ते कसे वापरायचे, ते शेतकऱ्याला आणि विक्रेत्याला कळावे, एवढाच. शंकररावांच्या जागी दुसरा कोणी असता तर तो दर महिन्याला मालाची यादी छापत बसला असता आणि दोन वर्षांत अंक बंद पडला असता. शंकररावांनी ओळखले की नांगर विकत घेणारा माणूस दिवसभर नांगराचा विचार करत नाही. त्याच्या घरात लग्नाची मुलगी असते, शिकायला शहरात गेलेला भाऊ असतो, विधवा बहीण असते, गावातल्या देवऋष्याचे येणे-जाणे असते. त्याच्याशी बोलायचे तर या सगळ्यांविषयी बोलावे लागेल. मग अंकात गोष्टी आल्या, विनोद आला, चित्रे आणि व्यंगचित्रे आली, परदेशातल्या नव्या शोधांची माहिती आली. पुढे ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’.

इथे थोडे थांबतो, कारण उद्योगाच्या संवादाबद्दल मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे इथेच आहे. या मासिकांनी वाचकांची मर्जी सांभाळण्याचे धोरण ठेवले नाही. अंधश्रद्धा, सोवळेओवळे, जातिभेद, स्त्रियांवरची बंधने यांवर त्यांनी सरळ हल्ला चढवला. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख ‘किर्लोस्कर’ने छापले, तेव्हा अनेक सनातनी घरांत वादळ उठले. हीच घरे कारखान्याची गिऱ्हाइके होती. आजचा कोणताही विपणन सल्लागार सांगेल की असे करू नये, गिऱ्हाईक दुखावते. शंकररावांना त्याच्या पलीकडचे दिसत होते, असे मला वाटते. लोखंडाने जमीन नासते म्हणणारे मन आणि विधवेच्या दर्शनाने दिवस नासतो म्हणणारे मन एकच आहे. ते मन बदलल्याशिवाय यंत्राला या देशात भविष्य नाही. म्हणजे समाजसुधारणा हा कारखान्याचा दानधर्म नव्हता, तो कारखान्याच्या कामाचाच भाग होता. आणि वाचकांनाही उमगले की ही माणसे आपल्याला खूश करण्यासाठी खोटे बोलत नाहीत. मासिकात जो माणूस आपल्याला न आवडणारे खरे तोंडावर सांगतो, त्याने पंपाबद्दल सांगितलेलेही खरे असणार.

हा विश्वास किती कामी आला ते पुढच्या पिढीत दिसते. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात शिकून १९२६ मध्ये परतले. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्सबरोबर भागीदारी झाली. साम्राज्य गेले, देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली, परवान्यांचे राज्य आले. इतक्या उलथापालथीत हे इंजिन मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवर बसले तेव्हा त्याचे नाव त्याच्या घरात आधीच वाचले जात होते. मासिकांचे बिऱ्हाडही पुढे पुण्यात आले. ‘स्त्री’मध्ये विद्या बाळ १९६४ पासून काम करू लागल्या, १९८३ ते १९८६ त्या संपादक होत्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. नांगराची माहिती देणाऱ्या पत्रकाची वंशावळ पुण्यातल्या स्त्रीचळवळीपर्यंत येऊन पोहोचते. जगात एखाद्या कारखान्याच्या गृहपत्रिकेला असे भाग्य क्वचितच लाभले असेल.

बोलण्याइतकेच ऐकणेही संवादात येते, आणि मोठ्या कंपन्या चुकतात त्या बहुधा तिथेच. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीची जाहिरात वाचली. अभियंते हवे होते, पण स्त्रियांनी अर्ज करू नये असे तीत म्हटले होते. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. थोड्याच दिवसांत तिला पुण्यात मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. सुधा मूर्तींची ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. मला त्यात त्या मुलीच्या धाडसाइतकेच कौतुक वाटते ते टाटांच्या कार्यालयातल्या टपालाच्या वाटेचे. हजारो माणसांच्या कंपनीत एका अनोळखी विद्यार्थिनीचे पोस्टकार्ड कुठेही न अडता वरपर्यंत पोहोचले आणि त्यावर निर्णय झाला. अशी वाट कोणीतरी आधी मोकळी ठेवलेली असते, तेव्हाच हे घडते.

त्याच टेल्कोच्या पिंपरी कारखान्यात १९८९ साली कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली संघर्ष पेटला. सप्टेंबरात कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले आणि शेवटी पोलिसांनी त्यांना हलवले. या सभागृहातल्या अनेकांनी ते दिवस पाहिले आहेत. टेल्को घडवणाऱ्या मूळगावकरांनी ज्या कारखान्याच्या आवारात झाडे लावली, तळे राखले, कामगारांच्या शिक्षणाची सोय केली, तिथे हे का व्हावे? पुढे रतन टाटांनीच सांगितले की कंपनीने कामगारांना गृहीत धरले होते. हे वाक्य प्रत्येक कारखानदाराने नीट ऐकावे. सोयी दिल्या होत्या, पगार वाईट नव्हता, पण ‘आपण त्यांच्यासाठी सगळे करतोच आहोत’ या समाधानात त्यांचे म्हणणे विचारायचे राहून गेले. ती पोकळी दुसऱ्या आवाजाने भरली. नंतरच्या वर्षांत त्याच पिंपरीत, त्याच कामगारांच्या हातून इंडिका तयार झाली, तेव्हा व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातले बोलणे पुन्हा जमवावे लागले होते.

बजाजविषयी थोडक्यात. ‘हमारा बजाज’ ही १९८९ ची जाहिरात सर्वांना आठवते, पण मला २००९ च्या डिसेंबरातली घटना अधिक मोलाची वाटते. राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि वडिलांनी, राहुल बजाज यांनी, आपल्याला वाईट वाटल्याचे उघडपणे सांगितले. घरातला मतभेद चव्हाट्यावर आला म्हणून कंपनीचे काही बिघडले नाही. या घरातली माणसे मनातले बोलतात, ही तिची ओळखच तिच्या पाठीशी उभी राहिली. २०२० मध्ये चेतक विजेवर धावत परत आली.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या उदाहरणाकडे येतो, आणि तिथे जरा जास्त वेळ घेतो. सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये स्थापन केलेली सीरम इन्स्टिट्यूट मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस बनवणारी संस्था झाली. तरी हडपसरच्या पलीकडे सामान्य माणसाला तिचे नाव फारसे माहीत नव्हते. तशी गरजही नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे युनिसेफ, सरकारे, आंतरराष्ट्रीय संस्था. बोलणी निविदांमधून आणि करारांमधून होत. २०२० मध्ये एकाएकी साऱ्या जगाचे कान सीरमचा कारखाना असलेल्या, हडपसरजवळच्या मांजरी गावाच्या दिशेने लागले. ऑक्सफर्ड आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस इथे ‘कोविशील्ड’ नावाने तयार होणार होती. आणि एवढ्या मोठ्या जगाशी बोलायला संस्थेकडे मुख्यतः होते ते तिचे प्रमुख आणि सायरस यांचे पुत्र अदर पूनावाला यांचे ट्विटरवरचे खाते.

त्या खात्यावरून जे बोलले गेले त्यातले काही फार चांगले होते. २०२० च्या सप्टेंबरात त्यांनी विचारले की पुढच्या वर्षभरात लशीसाठी ८० हजार कोटी रुपये सरकारकडे आहेत का? दिल्लीला हा प्रश्न रुचला नाही. पण देशाने आधी पैसे आणि पुरवठ्याची आखणी करायला हवी, हे त्या एका प्रश्नाने जितक्यांना कळले तितके दहा अहवालांनी कळले नसते. तसेच १६ एप्रिल २०२१ चे ट्विट. अमेरिकेने कच्च्या मालाच्या निर्यातीवर आणलेला अडसर दूर करावा, अशी विनंती त्यांनी थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून केली. बोलावे तर असे. कोणाला सांगायचे, काय हवे आहे आणि कशासाठी हवे आहे, तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. पुण्यातल्या कारखान्याची अडचण जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली.

पण त्याच महिन्यांत विश्वासाचा साठा वेगाने संपतही गेला. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला सीरम आणि दुसरा एक भारतीय लसउत्पादक यांच्यात उघड वादावादी झाली. दोघांना दोन दिवसांत संयुक्त निवेदन काढावे लागले. तरीही १२ जानेवारीच्या पहाटे पूजा होऊन मांजरीतून शीतपेट्यांचे तीन ट्रक विमानतळाकडे निघाले तेव्हा पुणेकराची छाती फुगली होती. फेब्रुवारीत मात्र परदेशी सरकारांना उद्देशून ‘जरा धीर धरा, भारताच्या गरजेला प्राधान्य देण्याचा आम्हाला आदेश आहे’ अशा आशयाचे ट्विट आले. मार्चनंतर निर्यात जवळजवळ थांबली. कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून लशीची वाट पाहणाऱ्या देशांत, विशेषतः आफ्रिकेत, पहिली मात्रा घेतलेली माणसे दुसरीसाठी ताटकळली. त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी आपल्या जनतेला काय सांगायचे होते? किती महिने थांबा, किती मात्रा येतील, कोणती तारीख धरून चाला, यातले काहीच त्यांच्या हाती नव्हते. कोव्हॅक्ससाठीची निर्यात पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. निर्यातीचा निर्णय संस्थेच्या हातात नव्हता, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण जे आपल्या हातात नाही ते हातात नाही, असे आधीच, तारखेनिशी आणि प्रत्येक खरेदीदाराला वेगळे सांगणे हातात असते. ते सर्वांसाठीच्या एका ट्विटमध्ये होत नाही.

आणि एप्रिलमधली किंमत. दुसरी लाट भरात होती. पुण्यात प्राणवायूच्या खाटेसाठी नातेवाईक रात्रभर फोन फिरवत होते, लसीकरण केंद्रावर पहाटेपासून रांग लागे आणि दहा वाजता साठा संपल्याची पाटी लागे. अशा वेळी २१ एप्रिलला जाहीर झाले की राज्यांना एक मात्रा ४०० रुपयांना आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना मिळेल. केंद्राला तीच लस १५० रुपयांना मिळत होती. परदेशी लशींपेक्षा ही किंमत कमीच आहे, हे स्पष्टीकरण खरे होते. पण रांगेत उभा असलेला माणूस फायझरच्या किमतीशी तुलना करत नव्हता. त्याला एवढेच दिसले की एकाच कुपीला तीन दर आहेत. आठवड्याभरात राज्यांचा दर ३०० वर आणावा लागला. उत्पादनखर्च किती, विस्तारासाठी किती पैसा लागतो, आधीचा दर कोणत्या हिशेबाने ठरला होता, हे महिनाभर आधी शांतपणे समजावून सांगितले असते तर ४०० चा दर टिकला असता की नसता, माहीत नाही. पण संस्थेच्या हेतूवर शंका आली नसती.

मी हे एवढ्या तपशिलाने सांगतो ते दोष दाखवण्यासाठी नव्हे. सीरमने पुण्याचे नाव जगात नेले आणि असंख्य जीव वाचवले. माझ्याही दंडावर तीच लस टोचली गेली आहे. म्हणूनच मला खंत वाटते. विज्ञान, उत्पादन, शीतसाखळी, सगळे जागतिक दर्जाचे उभे केले आणि बोलण्याची यंत्रणा मात्र एका माणसाच्या फोनवर सोडली. पन्नास वर्षे लोकांशी बोलण्याची सवय नसलेल्या संस्थेला पन्नास दिवसांत ती लागणे अशक्यच होते. तिच्यापाशी तिची ‘खबर’ नव्हती.

आजची परिस्थिती त्याहून सोपी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्याची झळ चाकण-तळेगावच्या कारखान्यांना लागली. त्याआधी जुलैमध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार, कर्मचारी कमी करणार असल्याचे सांगितले आणि हिंजवडीतल्या घराघरांत गृहकर्जाच्या हप्त्यांचे गणित पुन्हा मांडले गेले. अशा काळात कंपन्या आपल्या माणसांशी कशा बोलतात? चाकण भागातल्या एका कारखान्याच्या फाटकाजवळ लावलेली सूचना मी वाचली आहे. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही. ‘जागतिक बाजारपेठेतील सद्यःस्थिती विचारात घेता, पुढील आदेशापर्यंत दुसरी पाळी स्थगित करण्यात येत आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.’ खाली शिक्का आणि वाचता न येणारी सही. पाळी सुटल्यावर मुले फोनवर त्याचे फोटो काढत होती. एकाने पर्यवेक्षकाला विचारले, ‘साहेब, मग पगार किती दिवसांचा?’ पर्यवेक्षकाने खांदे उडवले. त्यालाही कोणी काही सांगितले नव्हते. ठेकेदाराच्या मुलांनी तर विचारलेही नाही, ते थेट बसकडे गेले. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी फिरू लागली की कंपनी गुजरातला चालली.

त्या कागदावर आणखी चार ओळी असत्या तर? कोणत्या गिऱ्हाइकाची मागणी थांबली आहे. दुसरी पाळी निदान किती आठवडे बंद राहील. कायम कामगारांना काय मिळेल आणि ठेकेदाराच्या कामगारांना काय मिळेल. पुढची माहिती कोणत्या तारखेला, कोणाच्या तोंडून मिळेल. उत्तर माहीत नसेल तर ‘हे अजून ठरलेले नाही, पंधरा तारखेला सांगू’ असे लिहायचे आणि पंधरा तारखेला खरोखर सांगायचे. याला सल्लागार लागत नाही, खर्च येत नाही. लागते ती वरच्या माणसाची तयारी, की निर्णय घेतानाच तो कोणाला आणि कसा सांगायचा याचाही विचार करायचा. म्हणून माझा आग्रह आहे की जनसंपर्काचे काम पाहणारा माणूस निर्णयाच्या बैठकीत बसला पाहिजे. निर्णय झाल्यावर मसुदा लिहायला बोलावलेला माणूस फक्त शब्दांना इस्त्री करू शकतो.

शेवटी दोन मागण्या करतो आणि थांबतो. आपल्या शहरातल्या व्यवस्थापन संस्थांत मुलांना १९८२ चे टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचे प्रकरण शिकवतात. त्यात कोणी विष मिसळल्याने शिकागोत सात माणसे मेली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातल्या बाटल्या परत घेतल्या, हे त्यांना तारखांसह पाठ असते. ते शिकवू नका, असे मी म्हणत नाही. पण त्याच्या शेजारी ‘किर्लोस्कर खबर’ ठेवा, १९८९ ची पिंपरी ठेवा, २०२१ ची मांजरी ठेवा. या कारखान्यांत काम केलेली माणसे अजून या शहरात राहतात, त्यांना वर्गात बोलवा.

दुसरी मागणी कारखानदारांना. आपल्या कंपन्यांच्या जुन्या गृहपत्रिका, सूचना, कामगारांना लिहिलेली पत्रे गोदामात पडून आहेत, दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातली काही रद्दीत जातात. ती रद्दीवाल्याला देऊ नका. या शहरात ग्रंथालये आहेत, उद्योगांच्या संघटना आहेत, विद्यापीठ आहे. त्यांच्याकडे सोपवा, या दिवाळीच्या आधी.